कोरफडीची कुंडी केव्हा व कशी बदलावी

खेड्यांतील पुष्कळ घरांच्या चौकटीवर कोरफडीचे एखादे रोप मुळासकट उपटून उलटे टांगलेले आढळते. त्याला माती नसते, पाणीही कोणी घालीत नाही. तरी ते महिनोन्‌महिने तग धरते आणि कधी कधी शेंडा वर वळवून एखादे नवे पानही काढते. तेच रोप शाळेच्या पडवीत कुंडीमध्ये लावावे, मुलांनी त्याला नित्यनेमाने तांब्याभर पाणी घालावे, आणि दीड-दोन महिन्यांत ते बुडाशी पिचपिचीत होऊन आडवे पडावे, असा अनुभव अनेक शाळांतून येतो. उपाशी ठेवलेले रोप जगते आणि लाडाने वाढविलेले मरते, हे कसे? हा प्रश्न मुलांपुढे ठेवून कोरफडीच्या पाठाला आरंभ करावा. पाठ्यपुस्तकातील उताऱ्याने वर्ग जितका जागा होणार नाही, तितका ह्या एका प्रश्नाने होतो.

प्रारंभीच एक घोटाळा दूर करणे इष्ट आहे. शेताच्या बांधावरील घायपात, जिला कित्येक भागांत केकताड म्हणतात, तिलाही मुले कोरफड समजतात. दोन्हींची पाने लांब, जाड व काठाशी काटेरी असल्यामुळे ही चूक क्षम्य आहे. घायपाताच्या पानाचे टोक सुईसारखे कठीण असते, पान मोडले असता आत दोरखंडाच्या कामी येणारे धागे निघतात, आणि एकदा फुलोरा येऊन गेला की ते झाड मरते. कोरफडीचे पान मोडले असता काचेसारखा पारदर्शक गर दिसतो, धागा नसतो, आणि फुलल्यानंतरही झाड जगते. मूळची ती अरबस्तानच्या रखरखीत मुलखातील. आपल्याकडे संस्कृत वैद्यकग्रंथांतून तिला कुमारी असे नाव आहे. शास्त्रीय परिभाषेत तिला एलो व्हेरा म्हणतात.

अरबस्तानातील जन्म लक्षात घेतला म्हणजे तिच्या स्वभावाचा उलगडा होतो. पाऊस क्वचित पडावयाचा, तेव्हा तो पडताच मिळेल तेवढे पाणी ओढून घ्यावे आणि पुढे पुरवून वापरावे, अशी तिची रीत. तिची मुळे खोल जात नाहीत. ती पृष्ठभागालगत पसरतात. पाण्याचा साठा पानांतील गरात असतो. इतर झाडांची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात, कोरफडीची मुख्यतः रात्री उघडतात. रात्रीच्या गारव्यात हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू आत घ्यावयाचा, तो आम्लाच्या रूपाने पानात साठवावयाचा, आणि दिवसा रंध्रे मिटून सूर्यप्रकाशात त्यापासून अन्न तयार करावयाचे, अशी ही योजना आहे. तिच्यामुळे भर दुपारी पाणी वाफ होऊन जात नाही. पानफुटीतही हेच घडते. हिंदुस्थानात राहिलेल्या बेंजामिन हाइन ह्या वनस्पतिशास्त्रज्ञाला पानफुटीचे पान सकाळी आंबट व दुपारी बेचव लागले, आणि हे त्याचे साधे निरीक्षण १८१५ साली लंडनच्या लिनियन सोसायटीच्या वृत्तांतात प्रसिद्ध झाले. आपल्या परसातील वनस्पतीवरून शास्त्राला वाट सापडली, ही गोष्ट मुलांना अवश्य सांगावी. मात्र पाने चाखून पाहण्याचा प्रयोग त्यांच्याकडून करवून घेऊ नये.

आता मुख्य विषयाकडे वळावयाचे. कुंडी केव्हा बदलावी? ‘दर वर्षी’ किंवा ‘दर दोन वर्षांनी’ असे ठरीव उत्तर देणे सोपे आहे, आणि सामान्यतः तरुण रोपाला दोन-तीन वर्षांनी मोठी कुंडी लागते हेही खरे. परंतु रोपाला पंचांग ठाऊक नसते. त्याची गरज त्याच्या मुळांवरून ओळखावयाची असते, आणि मुळे तर मातीत झाकलेली. म्हणून बाहेरच्या खुणांवरून आतल्या स्थितीचे अनुमान करणे, हा ह्या पाठाचा गाभा होय.

पहिली खूण कुंडीच्या तळाशी असते. छिद्रातून मुळे बाहेर डोकावू लागली तर आत जागा उरली नाही असे समजावे. दुसरी वरच्या बाजूस दिसते : मूळ रोपाभोवती पिल्ले इतकी दाटतात की मातीचा पृष्ठभागच दिसेनासा होतो. तिसरी खूण पाणी घालताना कळते. मुळांचा गुंता झालेल्या कुंडीत घातलेले पाणी एक तर वर तुंबून राहते, किंवा कुंडीच्या कडेने सरळ खाली निसटून जाते. माती त्याला धरीत नाही. याशिवाय रोप वरून जड होऊन कलंडू लागते, कधी मातीची कुंडी तडकतेही.

यांपैकी एकच खूण दिसल्यास घाई करू नये. कोरफडीला थोडी दाटी मानवते. पिल्ले दिसू लागली म्हणजे रोप संकटात आहे असे नव्हे. उलटपक्षी, पाने लालसर किंवा तपकिरी झाली, बारीक होऊन आत वळली, एवढ्यावरून कुंडीला दोष देणेही बरोबर नाही. सावलीतले रोप एकाएकी कडक उन्हात ठेवले तर पाने लाल होतात. पुष्कळ दिवस पाणी न मिळाले तर ती पातळ होऊन वळतात. अंधाऱ्या कोपऱ्यात ती फिकट व लांबुडकी होऊन खाली लोळतात. पहिल्यास सावली, दुसऱ्यास पाणी, तिसऱ्यास उजेड हवा असतो. नवी कुंडी कोणालाच नको असते. ताप आलेल्या प्रत्येकाला एकच काढा पाजणाऱ्या वैद्यासारखी स्थिती शिक्षकाची होऊ नये. प्रत्येक लक्षणाला दोन-तीन कारणे संभवतात आणि त्यांतले खरे कोणते हे पुन्हा पाहून ठरवावे लागते, हे मुलांनी ह्या निमित्ताने शिकले तर कुंडी बदलली काय अन् न बदलली काय, पाठ सफल झाला.

तरीही संशय राहिल्यास उघडून पाहण्याचा मार्ग आहे. माती कोरडी असताना रोप कुंडीतून मातीच्या गोळ्यासह अलगद काढावे. गोळ्याभोवती मुळांचे जाळे विणल्यासारखे दिसले तर वेळ आली. बाहेरच्या अंगाला नुसती मातीच दिसली आणि मुळे विरळ असली, तर रोप आहे त्याच कुंडीत जसेच्या तसे परत ठेवावे. असे झाले की मुले हिरमुसतात. नवी कुंडी, रंगविलेला काठ, सारी तयारी वाया गेलेली असते. ‘‘गुरुजी, आता काहीच करायचे नाही का?’’ असे कोणी विचारील. ‘‘नाही रे. आपण पाहिले, त्याला अजून जागा आहे. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू,’’ असे शांतपणे सांगून तारखेसह तशी नोंद वहीत करावी. तपासणीनंतर ‘अद्याप नको’ हे उत्तर मिळणे म्हणजे तपासणी फुकट जाणे नव्हे, हे मुलांना अशाच प्रसंगी समजते.

ऋतूचाही विचार केला पाहिजे. ऐन थंडीत रोपाची वाढ मंदावते, तेव्हा तोडलेली मुळे लवकर फुटत नाहीत. आषाढ-श्रावणात माती वाळत नाही आणि जखमा कुजतात. कोकणात व घाटमाथ्यावर तर ह्या दिवसांत कोरफडीला हातच लावू नये. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्च अखेरपर्यंतचा काळ शाळेच्या दृष्टीने सोयीचा आहे. सुटी लागण्यापूर्वी रोपाला मूळ धरण्यास अवधी मिळतो आणि मुलांनाही परिणाम पाहता येतो. ज्यांना ते शक्य नाही त्यांनी पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आगेमागे हे काम करावे. फुलाचा दांडा वर आला असल्यास तो सुकेपर्यंत थांबावे. ह्या सर्व नियमांना एकच अपवाद आहे. रोप बुडाशी मऊ पडले, पाने तळाशी पाणचट व काळपट होऊन हाताला सहज निघू लागली आणि मातीला कुबट वास येऊ लागला, तर मुळे कुजत आहेत असे समजून कोणताही महिना असो, रोप त्याच दिवशी बाहेर काढावे. अशा वेळी शुभमुहूर्त पाहात बसल्यास रोप हातचे जाते.

साहित्य गावातच मिळते. कुंडी शक्यतो भाजलेल्या मातीची असावी. तिच्या अंगातून ओल बाहेर जाते व माती लवकर वाळते. कुंडी नसल्यास फुटक्या माठाचा खालचा भाग किंवा तेलाचा रिकामा डबा चालेल, मात्र तळाशी खिळ्याने पाच-सहा भोके पाडलेली असली पाहिजेत. आकाराविषयी पुष्कळांची चूक होते. वारंवार बदलण्याचा त्रास नको म्हणून एकदम मोठे घमेले घेण्याकडे कल असतो. परंतु ज्या मातीपर्यंत मुळे पोचलेली नाहीत त्या मातीतील पाणी कोण पिणार? ती माती दिवसच्या दिवस ओली राहते, तिच्यातील हवा कोंडते आणि मुळे गुदमरून कुजू लागतात. म्हणून जुन्या कुंडीपेक्षा नवी दोन-तीन बोटेच रुंद असावी. १५ सेंटिमीटर तोंडाच्या कुंडीतील रोपाला १८ ते २० सेंटिमीटरची पुरे. मुळे वरवर पसरणारी असल्याने कुंडी फार खोलही नको.

मातीकडे सर्वांत अधिक लक्ष द्यावे. दख्खनच्या पठारावरील काळी माती कापसाला उत्तम, पण तिचे कण अत्यंत बारीक असल्याने ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की आवळून भेगाळते. नुसती काळी माती कोरफडीला घातक होय. बागेतील साधी माती दोन घमेली, जाडी वाळू किंवा चाळलेला मुरूम दोन घमेली आणि पूर्ण कुजलेले शेणखत अर्धे घमेले, असे मिश्रण चांगले ठरते. काळी मातीच वापरावी लागत असेल तर वाळू दुप्पट घ्यावी. समुद्रकाठच्या शाळांनी वाळू गोड्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन मीठ काढून टाकावे. ताजे शेण मुळीच घालू नये. मिश्रण किंचित ओले करून मुठीत दाबावे. मूठ उघडून बोट लावताच ढेकूळ विस्कटले तर मिश्रण साधले, चिकट गोळा तसाच राहिला तर आणखी वाळू हवी.

ह्याचाच एक छोटा प्रयोग वर्गात करता येईल. सारख्या आकाराचे, तळाशी सारखीच भोके पाडलेले दोन डबे घ्यावे. एकात काळी माती, दुसऱ्यात वरील मिश्रण भरावे, दोन्हींत एक-एक पेला पाणी ओतावे, आणि खाली ठेवलेल्या वाट्यांत किती वेळात किती पाणी उतरते ते मुलांनी मोजावे. दुसऱ्या व चौथ्या दिवशी दोन्ही डब्यांत बोट घालून ओल पाहावी. काळ्या मातीने पाणी किती काळ धरले हे बोटालाच कळते. मग शिक्षकाने सांगण्यासारखे फारसे उरत नाही.

तळाशी खडीचा जाड थर घातल्यास पाणी लवकर निघते, असा समज सर्वत्र रूढ आहे, आणि जुन्या बागकामाच्या पुस्तकांतूनही तो सापडतो. तो बरोबर नाही. बारीक मातीतील पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजी उतरत नाही. वरची माती पुरेपूर भिजल्यावरच ते गळू लागते. भिजलेला स्पंज खडीवर ठेवला तरी त्यातील सारे पाणी खडीत उतरून जात नाही, तसेच हे होय. खडीच्या थराने ओलीचा पट्टा उलट मुळांच्या जवळ, वर सरकतो. तेव्हा छिद्रावर माती वाहून जाऊ नये इतपत एक खापरी पालथी घालावी आणि बाकी सर्व कुंडी एकाच मिश्रणाने भरावी.

प्रत्यक्ष काम

ठरलेल्या दिवसापूर्वी चार-पाच दिवस पाणी बंद करावे, म्हणजे मातीचा गोळा आकसून कुंडीपासून सुटतो. काम अंगणात, सकाळच्या वेळी करावे. रोपाच्या पानांना धरून कधीही ओढू नये. एका मुलाने कुंडी आडवी धरावी, दुसऱ्याने रोपाच्या बुडाला तळहाताचा आधार द्यावा, आणि शिक्षकाने कुंडीच्या काठावर लाकडाच्या तुकड्याने हलके ठोकावे. न निघाल्यास कडेने बोथट पट्टी फिरवावी. फारच अडले तर मातीची जुनी कुंडी फोडावी. कुंडी पुन्हा मिळते.

गोळा हाती आला की जुनी माती बोटांनी हलके झाडावी. निरोगी मुळे फिकट व टणक असतात. कुजलेली काळपट, मऊ, दाबताच साल सुटणारी. कुजलेला भाग स्वच्छ, धारदार सुरीने निरोगी भागापर्यंत कापून टाकावा. सुरी शिक्षकानेच हाताळावी. पिल्ले वेगळी करावयाची असल्यास प्रत्येकाला स्वतःची मुळे आहेत की नाही ते पाहावे. वीतभर उंचीचे, चार-पाच पाने असलेले पिल्लू निःशंक वेगळे करता येते. बोटभर उंचीचे, मुळे नसलेले पिल्लू आईपाशीच राहू द्यावे. कोणी मुलगा मोडलेले पान मातीत खोचून रोप होईल अशी आशा धरतो. त्याला रोखू नये, बाजूला एका डब्यात लावू द्यावे. पानफुटीचे पान मातीवर नुसते टाकले तरी त्याच्या कडेला रोपे फुटतात, कोरफडीचे पान मात्र बहुधा कुजून जाते. दोन्ही डबे शेजारी ठेवले की हा भेद स्वतःच्या डोळ्यांनी दिसतो.

कापलेल्या जागेतून पिवळा चीक वाहतो. साल आणि गर यांच्यामध्ये असणारा हा चीक अतिशय कडू असून आटवून वाळविला म्हणजे त्याचाच काळा बोळ बनतो. तो तीव्र रेचक आहे. पोटात गेल्यास मुरडा व जुलाब होतात, आणि काहींच्या त्वचेलाही आग होते. अमेरिकेत कोरफडीपासून केलेली रेचके दुकानांतून सरसकट विकण्यास २००२ साली मनाई झाली, ती सुरक्षिततेची पुरेशी खात्री नसल्यामुळेच. घरी आजी भाजल्यावर गर लावते हे मुले सांगतील आणि ते खोटे नाही. परंतु हाताला लागलेला चीक तोंडात वा डोळ्यांत जाऊ नये यासाठी काम संपताच सर्वांनी साबणाने हात धुतलेच पाहिजेत. शेळ्या-वासरे वा कुत्री आवारात येत असतील तर कापलेली पाने उघड्यावर टाकू नयेत.

ह्यानंतरची पायरी सर्वांत सोपी आहे आणि तीच बहुतेक वेळा चुकते. कापलेले रोप लगेच लावू नये. ते सावलीत, हवेशीर जागी, कोरड्या गोणपाटावर एक-दोन दिवस तसेच पडू द्यावे. बुडाशी मोठा काप घेतला असेल तर आठवडाभरसुद्धा. जखमेवर कोरडी खपली धरते व मातीतील कूज आत शिरत नाही. रोप उघडे पडलेले पाहून मुलांचा जीव खालीवर होतो. त्या वेळी चौकटीवर टांगलेल्या कोरफडीची आठवण द्यावी.

लावताना रोप पूर्वी जितके मातीत होते तितकेच ठेवावे. पानांचे बूड मातीखाली गेल्यास तेथे ओल साचून कूज लागते. माती कुंडीच्या काठापासून दोन बोटे खाली असावी. ती बोटांनी बसवावी, मुठीने ठेचू नये. रोप डळमळत असेल तर बुडाभोवती दोन-तीन खडे टेकवावे.

लावल्यावर पाणी घालू नये. सगळ्याच झाडांना लावताच पाणी देण्याची आपली रीत असल्यामुळे ही सूचना मुलांना विचित्र वाटते, शिक्षकांपैकीही काहींना वाटते. पण माती झाडताना मुळांवरील सूक्ष्म केस तुटलेले असतात, लहानसहान जखमा झालेल्या असतात. त्या बुजण्यापूर्वी माती भिजली तर सगळी मेहनत वाया जाते. आठवडाभर थांबावे, मराठवाडा-विदर्भातील कोरड्या उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरेत. ह्या काळात पाने जराशी सुरकुततात. रोप त्या वेळी स्वतःच्या गरातील साठ्यावर जगत असते. पुढे एकदा तळातून पाणी गळेपर्यंत भरपूर पाणी द्यावे आणि माती बोटाच्या दोन पेरांपर्यंत कोरडी झाल्याशिवाय पुन्हा देऊ नये. पहिले दोन आठवडे कुंडी सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात, आणि त्यानंतर हळूहळू अधिक उन्हात आणावी. एक-दोन महिने वेगळे खत देऊ नये.

एवढी दक्षता घेऊनही कोणी तरी गुपचूप पाणी घालतोच. बहुधा तो रोपावर सर्वांत जास्त माया असणारा मुलगा किंवा मुलगी असते. सकाळी सर्वांच्या आधी येऊन, आपल्या पिण्याच्या बाटलीतले पाणी सुरकुतलेल्या रोपाला देणारी. रोप मेले तर वर्ग तिच्याकडे बोट दाखवितो. येथे शिक्षकाची खरी परीक्षा आहे. तिला रागावल्यास ती पुन्हा कोणत्याही रोपाजवळ जाणार नाही. तिच्याच हाती मेलेले रोप देऊन त्याची मुळे सर्वांसमक्ष पाहावी, कुजलेला भाग कुठपर्यंत गेला ते तिनेच दाखवावे, आणि उरलेल्या एका पिल्लाची राखण तिच्याकडेच सोपवावी. पाणी घालण्यापूर्वी बोट मातीत घालून पाहावयाचे, ओल लागली तर तांब्या खाली ठेवावयाचा, आणि वहीत ‘ओली’ किंवा ‘कोरडी’ एवढाच शब्द लिहावयाचा, इतके काम तिला द्यावे. तांब्या खाली ठेवणे हीसुद्धा सेवाच आहे, हे तिला त्या वहीवरून कळेल.

वेगळी केलेली पिल्ले मुलांना घरी नेण्यास द्यावी. एकाला मिळाले व दुसऱ्याला नाही असे होऊ नये म्हणून चिठ्ठ्या टाकाव्या. उन्हाळ्याच्या सुटीत शाळेची कुंडी पडवीच्या अशा कोपऱ्यात ठेवावी की जेथे उजेड पोचतो पण दुपारचे ऊन पोचत नाही; जाण्यापूर्वी एकदा पुरेसे पाणी द्यावे. मूळ धरलेले रोप तेवढ्यावर बरेच दिवस निभावते. शाळेजवळ राहणाऱ्या कोणी पंधरा दिवसांतून एकदा पाणी दिल्यास उत्तमच. जूनमध्ये शाळा उघडताच पाने सुरकुतलेली दिसली तरी लगेच तांब्या उचलू नये. पडवीत पावसाची झड येत असेल तर कुंडी आधी आत घ्यावी, मातीत बोट घालून पाहावे, आणि कोरडी लागली तरच पाणी द्यावे.